ठरावाआधी मशीनला नाव विचारा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणी सदस्य,
मुंबईतील पतसंस्था, सार्वजनिक ग्रंथालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्था

विषय : विंडोज बदलल्यावर 'बंद पडलेल्या' यंत्रांचे निर्लेखन

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इतिवृत्तात सध्या एक ठराव हमखास सापडतो. 'कार्यालयीन संगणक नवीन प्रणालीवर घेण्यात आल्याने जुना स्कॅनर निरुपयोगी झाला आहे. सबब त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करून नवीन खरेदीस मान्यता देण्यात येत आहे.' खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. स्कॅनरच्या जागी कुठे पासबुक प्रिंटर असतो, कुठे हजेरीचं अंगठ्याचं मशीन, कुठे पुस्तकांवरचा बारकोड वाचणारी बंदूक. मी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हार्डवेअर दुरुस्तीचं काम करते. तुम्ही निरुपयोगी ठरवलेली बरीच यंत्रं भंगारवाल्यामार्फत फिरून आमच्याच गल्लीत येतात आणि आमच्या टेबलावर चालतात. काही तर स्क्रूसुद्धा न उघडता चालतात. म्हणून हे पत्र.

विंडोज बदलू नका असं मी म्हणत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. संस्थांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात, पण त्याचा दर दरवर्षी दुप्पट होतो. ज्या कॉम्प्युटरवर सभासदांच्या ठेवींचा हिशेब आहे, तो अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे उघडं दार. तेव्हा बदल करायलाच हवा. माझी तक्रार बदलाच्या दुसऱ्या दिवशी काय होतं, याबद्दल आहे. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटावरचा, मुलगा येतो, फॉरमॅट मारतो किंवा नवा डबा आणून ठेवतो, स्कॅनरची वायर लावतो, काही होत नाही. 'साहेब, हा जुना आहे, विंडोज ११ ला सपोर्ट करत नाही.' वाक्य संपलं, आणि त्याच्याच कंपनीचं नव्या स्कॅनरचं कोटेशन टेबलावर आलं. पुढे मासिक सभेत कोणी एक प्रश्नही विचारत नाही, कारण विचारायचं काय हेच ठाऊक नसतं. ते ठाऊक व्हावं एवढाच या पत्राचा हेतू.

यंत्र आणि विंडोज यांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो. विंडोज बदललं की तो दुभाषी जागेवर नसतो, किंवा असला तरी नवं विंडोज त्याला आत घेत नाही. यंत्राला यातलं काहीच झालेलं नसतं. म्हणून 'चालत नाही' हे ऐकल्यावर पहिला प्रश्न एकच : चालत नाही म्हणजे नेमकं काय दिसतं?

ते दिसण्याची जागा म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केलीत की यादीत नाव आहे. तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि तिन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. हा फरक समजला की कोटेशन घेऊन येणाऱ्याशी बरोबरीने बोलता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट : वायर लावली तरी यादी हलत नाही, 'टिंग' असा आवाजही होत नाही. म्हणजे यंत्राचा शब्दच कॉम्प्युटरपर्यंत पोचलेला नाही. इथे ड्रायव्हर शोधत बसणं फुकट. अडॅप्टर तपासायचा, वायर बदलायची (हल्ली मोबाईलच्या बऱ्याच वायरी फक्त चार्जिंगपुरत्या असतात आणि घाईत तीच लावली जाते), पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघायचं. मुंबईत पावसाळ्यानंतर हे प्रकार वाढतात. समुद्राकाठच्या जुन्या इमारतीत भिंतीला लागून ठेवलेल्या मशीनच्या पोर्टमधले पितळी पत्रे हिरवट पडलेले मी कायम बघते. विंडोजचा त्यात काडीचा दोष नसतो. कॉम्प्युटर बदलताना सगळ्या वायरी पहिल्यांदाच उपटल्या गेल्या, त्यामुळे मुळात डुगडुगणारा जोड तेव्हा सुटला आणि आळ विंडोजवर आला.

दुसरी : यादीत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' येतं, कंसात डिस्क्रिप्टर, म्हणजे यंत्राची ओळख, मिळालं नाही असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आत कोड ४३ दिसतो. यंत्र बोललं, पण काय बोललं ते कळलं नाही. हीसुद्धा बहुतेकदा वायरीची, पोर्टची किंवा वीज कमी पडल्याची भानगड. चार तोंडांच्या स्वस्त हबवर स्कॅनर, पेनड्राइव्ह आणि टेबलपंखा एकत्र लावलेले असले की हे होतं. हब काढा, थेट लावा.

तिसरी, आणि तुमच्या ठरावांच्या मुळाशी असते ती हीच : 'अदर डिव्हायसेस' या मथळ्याखाली यंत्राचं नाव किंवा मॉडेल नंबर येतो, शेजारी पिवळा त्रिकोण, आत कोड २८. याचा अर्थ असा की यंत्र जिवंत आहे, वायर ठीक आहे, त्याने आपलं नाव-गावसुद्धा सांगितलं आहे. फक्त ड्रायव्हर टाकलेला नाही. ज्या यंत्रापुढे कोड २८ दिसतो, ते निरुपयोगी असल्याचा ठराव करणं म्हणजे पत्त्यासकट उभ्या असलेल्या माणसाला बेपत्ता ठरवणं.

नाव-गाव म्हणते ते शब्दशः. त्या ओळीवर डबल क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये जा आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन क्रमांक दिसतील. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या मॉडेलचा. ०४बी८ असेल तर एप्सन, ०३एफ० असेल तर एचपी, ०४ए९ असेल तर कॅनन. वरचं स्टिकर पुसलं गेलं असेल, कोणत्या साली कोणाकडून घेतलं हे कार्यालयात कोणाला आठवत नसेल, तरी हा क्रमांक खोटं बोलत नाही. निदान चांगल्या मालाचा तरी. नकली चिपांची गंमत वेगळी आहे. स्कॉटलंडमधल्या एका चिप कंपनीच्या ड्रायव्हरने २०१४ मध्ये नकली चिपांचा पीआयडीच शून्य करून टाकला होता आणि त्या चिपा बसवलेल्या, जगभर लोकांच्या चालू वायरी एका अपडेटनंतर अनोळखी झाल्या होत्या.

गिरगावातल्या एका ग्रंथालयाचं उदाहरण देते, नाव नको. जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून ठेवायचं त्यांचं काम चालू होतं, मोठ्या आकाराचा फ्लॅटबेड स्कॅनर होता. नवा कॉम्प्युटर आल्यावर तो बाजूला ठेवला गेला आणि त्याच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. मी गेले होते दुसऱ्याच कामाला. तिथले लायब्ररियन काका म्हणाले, "ताई, त्याला कशाला हात लावता, त्याचं झालंय. कोटेशनसुद्धा आलंय." वायर लावली. टिंग. कोड २८. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर होता, पण विंडोज ७ पर्यंतचा. तो चालवला तर सेटअपने नकार दिला : ही प्रणाली चालणार नाही. एएमसीवाल्या मुलाने इथपर्यंत मजल मारली असणार, कारण डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तीच फाइल आधीपासून पडलेली होती.

पण सेटअप नाही म्हणतो, तो पुष्कळदा फक्त विंडोजचा आकडा वाचून. खरा ड्रायव्हर सेटअपच्या पोटात असतो. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने ती फाइल फोडली. आत विंडोजच्या दोन जातींसाठी दोन फोल्डर होते, एक जुन्या ३२ बिटचा आणि एक ६४ बिटचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'अपडेट ड्रायव्हर', मग 'कॉम्प्युटरमध्ये शोधा', आणि ६४ बिटचा फोल्डर दाखवला. पिवळा त्रिकोण गेला. विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या स्कॅनच्या प्रोग्रामने काकांनी एका अंकाचं मुखपृष्ठ स्कॅन केलं. कंपनीचा रंगीबेरंगी प्रोग्राम चालला नाही, तो विंडोज ७ बरोबरच राहिला. पण काकांना पान हवं होतं, प्रोग्राम नको होता.

हे दर वेळी जमतं असं नाही, आणि का जमत नाही तेही समजून घ्या, म्हणजे उद्या कोणी खरोखरच 'होणार नाही' म्हणाला तर त्याच्यावर उगाच संशय नको. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. अनेक संस्थांमधले जुने कॉम्प्युटर कमी रॅममुळे ३२ बिटवर चालत होते, आणि ज्या यंत्राचा ड्रायव्हर कंपनीने फक्त ३२ बिटचा बनवला, त्याला नव्या विंडोजमध्ये दार नाही. तिथे हिकमतीचं काम नाही. दुसरं, ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, डिजिटल सही, म्हणजे बनवणाऱ्याची खात्री देणारी खूण, नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. तिथे कोड ५२ दिसतो. तिसरं, विंडोज ११ नव्याने टाकलं की 'मेमरी इंटेग्रिटी' हे संरक्षण सहसा चालूच असतं, आणि काही जुने सहीवाले ड्रायव्हरसुद्धा त्याच्या नियमांत बसत नाहीत. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन. न बसणाऱ्या ड्रायव्हरची यादी तिथेच मिळते. काही मुलं ते संरक्षण सरळ बंद करतात, किंवा सहीची तपासणीच बंद करून मशीन चालवून दाखवतात, तुम्ही खूष. घरच्या कॉम्प्युटरवर कोणी काय करावं ते ज्याचं त्याने ठरवावं. पतसंस्थेच्या काउंटरवर मी ते करत नाही आणि केलेलं दिसलं तर परत चालू करते. एका स्कॅनरसाठी ठेवीदारांच्या कॉम्प्युटरचं कुलूप काढणं मला पटत नाही.

चौथं कारण असं की काही वेळा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच काढून टाकते. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये विंडोजबरोबर वर्षानुवर्षं येणारा एका फॅक्स मॉडेमचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने कायमचा काढला गेला, आणि त्यावर अवलंबून असलेली मॉडेम कार्डं त्या दिवसापासून विंडोजमध्ये चालेनाशी झाली. हे जाहीरपणे लिहून केलं होतं. पण जाहीर केलेलं वाचतो कोण?

पासबुक प्रिंटरवाल्या पतसंस्थांना वेगळं सांगते, कारण तुमची गाठ दुहेरी असते. नव्या कॉम्प्युटरला समांतर पोर्ट, म्हणजे ती पंचवीस टाचण्यांची रुंद जोडणी, बहुधा नसते. मग यूएसबीपासून समांतर अशी वायर आणली जाते. ती वायर साध्या प्रिंटरला चालते, कारण विंडोज तिला प्रिंटर म्हणूनच ओळखतं. पण त्याच पोर्टवर सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली, बसत असेल तर या वायरीवर ते कधीच दिसणार नाही. तिथे कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर समांतर पोर्टचं कार्ड बसवणं हा उपाय, तोही डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचा मिळाला तर. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला नाही तर घाबरू नका. बहुतेक पासबुक प्रिंटर एप्सनची किंवा आयबीएमची भाषा समजतात, तशी सेटिंग प्रिंटरवरच असते, आणि त्या घराण्यातला विंडोजमधला ड्रायव्हर लावून काम होतं. फक्त 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा विंडोजमधला साधा ड्रायव्हर लावून कोणी मोकळा होत असेल तर मराठीत एक नोंद छापून दाखवायला सांगा. तो ड्रायव्हर प्रिंटरच्या पोटातली अक्षरंच छापतो, देवनागरी तिथे नसते. इंग्रजीत टेस्ट पेज सुंदर येतं, आणि सोमवारी काउंटरवर सभासदाच्या पासबुकात नावाच्या जागी कचरा उमटतो.

आणि तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून काळ्या पडद्याचं, डॉसमधलं असेल, तर ६४ बिट विंडोजवर ते थेट सुरूच होणार नाही. हा प्रिंटरचा प्रश्न नाही, हार्डवेअरवाल्याच्या माथी मारू नका.

डोंगलचा विषय निघालाच आहे तर शाळांच्या आणि छपाईचं काम घरातच करणाऱ्या मंडळांच्या लक्षात आणून देते. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप एका बोटभर डोंगलमध्ये असायचं. कॉम्प्युटर बदलला की सॉफ्टवेअर म्हणतं 'की नॉट फाउंड', आणि मग वीस-पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका ज्या फाँटमध्ये आहेत त्या फाइली उघडतात पण वाचता येत नाहीत. इथे डोंगल टाकून देणं हा सगळ्यात महागडा निर्णय आहे. नवं सॉफ्टवेअर घेतलंत तरी जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, आणेपर्यंत तरी ते डोंगल आणि ते ज्यावर चालतं तो जुना कॉम्प्युटर, दोन्ही जपून ठेवा. इंटरनेटची वायर काढून, कोपऱ्यात. बाजूला ठेवलेला कॉम्प्युटर भाडं मागत नाही.

मोठ्या झेरॉक्स मशीनबद्दल एक तक्रार सध्या फार येते : प्रिंट निघते, पण स्कॅन केलेलं पान कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये येत नाही. मशीनवाला म्हणतो कॉम्प्युटर बिघडलाय, कॉम्प्युटरवाला म्हणतो मशीन जुनं झालंय. दोघांचंही पूर्ण खरं नाही. जुनी मशीनं फोल्डरमध्ये फाइल टाकायला नेटवर्कची जुनी पद्धत वापरतात, ती विंडोजने २०१७ पासून आपणहून टाकणं थांबवलं. आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये या देवाणघेवाणीला डिजिटल सही सक्तीची झाली, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून येणंही बंद झालं. मशीनच्या मेनूत या पद्धतीची नवी आवृत्ती चालू करता येते का बघा, कॉम्प्युटरवर स्कॅनसाठी वेगळा युजर आणि पासवर्ड काढा आणि तोच मशीनच्या पत्त्यांच्या यादीत भरा. ते न जमल्यास मशीनवरून ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन घ्या. सुरक्षा उलटी सैल करून जुनी पद्धत परत चालू करणं हा उपाय शेवटचाही नव्हे.

साध्या प्रिंटरचं मात्र पुष्कळदा विनाकारण होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रोटेक्टेड प्रिंट' नावाचा एक पर्याय आहे. तो कोणी उत्साहाने चालू केला की कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे सगळे प्रिंटर यादीतून गायब होतात. बंद करा, पुन्हा जोडा. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता राउटर बदलल्यावर बदललेला असतो. आणि कॉम्प्युटर 'शटडाउन' करून पुन्हा लावला म्हणजे सगळं ताजं सुरू झालं असं समजू नका. विंडोज ८ पासून शटडाउनमध्ये अर्धं विंडोज डिस्कवर झोपवून ठेवलं जातं आणि तेच उठवलं जातं. ड्रायव्हर नव्याने सुरू व्हायला 'रीस्टार्ट' लागतो. यावर पैसे मागणारे लोक आहेत.

वायफायच चालेना झालं तर ड्रायव्हर आणायचा कुठून, असा पेच पडतो. मोबाईल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट येईल. मग आधी विंडोज अपडेटमध्ये जाऊन 'ऑप्शनल अपडेट्स' उघडा, तिथे ड्रायव्हरची वेगळी यादी असते, तिकडे कोणी फिरकत नाही. त्यानंतर कंपनीची साइट. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या साइटींच्या आसपासही जाऊ नका. तिथून उतरवलेलं काय काय काढून टाकावं लागतं ते मी रोज बघते.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र. यंत्र ओळखलं न जाणं हा अपघात नसतो, आधीच कळू शकतं. विंडोज बदलण्याच्या आदल्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरवर एक तास बसलं तर नव्वद टक्के नव्हे, जवळजवळ सगळीच रडकथा टळते. विंडोजमध्येच 'पीएनपीयूटिल' नावाची एक आज्ञा आहे, ती कॉम्प्युटरमध्ये टाकलेले बाहेरचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवून देते. तो फोल्डर पेनड्राइव्हवर. प्रत्येक यंत्राचा हार्डवेअर आयडी एका कागदावर. जुनं विंडोज ६४ बिटचं असेल तर त्यातले बरेच ड्रायव्हर नव्याला तसेच चालतात. आणि जागच्या जागी अपग्रेड केलं असेल तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. पण डिस्कची सफाई केली किंवा फॉरमॅट मारला की ती वाट बंद. म्हणून पहिले दहा दिवस 'जागा भरली' म्हणून कोणी सफाई करायला बसला तर थांबवा, आणि त्या दहा दिवसांत कार्यालयातलं प्रत्येक यंत्र एकदा तरी वापरून पाहा. वर्षातून एकदाच लागणारा ओळखपत्रांचा प्रिंटरसुद्धा.

हे काम एएमसीवाल्याचं आहे. तो ते करत नाही, कारण तुमच्या कंत्राटात ते लिहिलेलं नाही आणि न केल्याने त्याचा तोटा नाही, उलट विक्री होते. मुलांना मी दोष देत नाही; दिवसाला चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत कॉल मारणाऱ्या पोराला एका ठिकाणी एक तास मिळतच नाही. दोष आहे तो, जो दुरुस्त करतो त्यालाच 'हे दुरुस्त होणार नाही' हे ठरवायचा आणि नवं विकायचा अधिकार एकत्र देण्यात. तो अधिकार तुम्ही दिला आहे. काढून घ्या. निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी आणला तर त्यासोबत डिव्हाइस मॅनेजरच्या पडद्याचा फोटो हवा, त्यात कोड दिसायला हवा, हार्डवेअर आयडी हवा, आणि कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा ड्रायव्हर आहे की नाही हे एका ओळीत लिहून सही हवी. मोबाईलवर काढलेला फोटो चालेल. ज्याला हे जमत नाही त्याचं कोटेशन सभेपुढे येऊ देऊ नका.

ड्रायव्हर नाहीच असं ठरलं तरी शेवटच्या दोन वाटा बघा. सेन नावाच्या मोफत प्रकल्पामुळे लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, कित्येक जुने स्कॅनर आजही चालतात. एखादा जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून फक्त स्कॅनिंगला ठेवता येतो. आणि व्ह्यूस्कॅनसारखे विकतचे प्रोग्राम आहेत, ते बऱ्याच जुन्या स्कॅनरसाठी स्वतःचे ड्रायव्हर देतात. मोठ्या आकाराच्या नव्या स्कॅनरच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर खुशाल काढून टाका, पण दारावरच्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि प्रिंटर, कॉम्प्युटर त्यात येतात. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या, पावती घ्या, ऑडिटरला ती लागेल. कॉम्प्युटर देताना हार्ड डिस्क काढून घ्या. सभासदांच्या आधारकार्डांच्या प्रतींनी भरलेल्या डिस्क आमच्या गल्लीत टोपलीत विकायला आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या कोणत्या संस्थेच्या होत्या ते पहिल्याच फोल्डरच्या नावावरून कळत होतं.

तुमच्यापैकी बहुतेकांची वार्षिक कंत्राटं मार्चअखेर संपतात. नव्या कंत्राटात दोन अटी टाका : विंडोज बदलण्याआधी यंत्रांची यादी आणि ड्रायव्हरचा फोल्डर संस्थेच्या ताब्यात, आणि बदलल्यावर दहा दिवसांत सगळी यंत्रं चालवून दाखवणं. फेब्रुवारीतच मसुदा मागवा. एकदा सही झाली की एप्रिलमध्ये यातलं कोणी ऐकणार नाही.

कळावे,
आपली,
लॅमिंग्टन रोडवरची एक हार्डवेअरवाली